आयुध निर्माणी : खात्याकडून कंपन्यांकडे

संरक्षण उत्पादन सरकारने पोसायचे की बाजारावर सोडायचे, हा आपल्याकडे जुनाच वाद. पण कामगारांच्या दारापर्यंत तो पोहोचला २०१९-२० मध्ये. त्याआधीची हकीकत थोडक्यात सांगता येते. कोलकात्याजवळच्या काशीपूरचे आणि पुण्याजवळच्या खडकीचे शस्त्रनिर्मितीचे कारखाने, म्हणजे आयुध निर्माण्या, ब्रिटिशांनी काढले. १९५६च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारकडे राखून ठेवली. २००१ मध्ये ती खासगी उद्योगांना खुली झाली, मात्र परकीय गुंतवणुकीला २६ टक्क्यांची वेसण होती. २०२० मध्ये सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय येणाऱ्या गुंतवणुकीची मर्यादा ७४ टक्क्यांवर गेली.

खरा तिढा कंपनीकरणाचा, म्हणजे खात्याचे सरकारी मालकीच्याच कंपन्यांत रूपांतर करण्याचा. निर्माणी हे सरकारी खाते होते. लष्कराने मागणीपत्र, म्हणजे इंडेंट पाठवायचे, निर्माणीने माल द्यायचा आणि झालेला सगळा खर्च, वरखर्चासकट, किमतीत चढवायचा. माल महाग पडतो, दारूगोळ्यात दोष निघतात, ही लष्कराची तक्रार रास्तच होती. पण त्या वरखर्चात युद्धासाठी राखून ठेवलेल्या, एरवी रिकाम्या असलेल्या यंत्रांचाही भार असे. तो देशाचा विमा मानायचा की निर्माणीची अकार्यक्षमता? समित्यांमागून समित्या झाल्या, कंपनीकरणाची शिफारसही झाली, पण या प्रश्नाला मिळायला हवे होते तेवढे महत्त्व कधी मिळाले नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कामगारांनी कंपनीकरणाविरोधात महिनाभराचा संप पुकारला आणि आठवड्याभरात तो मागे घेतला. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या पॅकेजमध्येच, कंपनीकरणाचा निर्णय जाहीर झाला. पुढच्या वर्षी संपबंदीचा कायदा आला, तोही जेमतेम एका वर्षाच्या मुदतीचा. त्याचा रोख कुणावर होता हे वेगळे सांगायला नको. १ ऑक्टोबर २०२१ पासून ४१ निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतल्या दोघींची मुख्यालये पुण्यात आणि नागपुरात आहेत.

बाजाराच्या नावाने झालेल्या या बदलाची सुरुवात मात्र सरकारी आधारानेच झाली. जुनी मागणीपत्रे करार मानली गेली, ६५ हजार कोटींहून अधिक रकमेची. त्यावर वर्षाच्या कामापोटी ६० टक्के आगाऊ रक्कमही ठरली.

देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४ मधील ६८६ कोटींवरून २०२३-२४ मध्ये २१,०८३ कोटींवर गेली. हे यश कंपनीकरणाच्या खात्यावर मांडले जाते, पण त्या वर्षीच्या निर्यातीत सुमारे ६० टक्के वाटा खासगी उद्योगांचा होता. निर्माण्यांतले सुमारे ७० हजार कर्मचारी कागदोपत्री सरकारी नोकरच राहिले, नव्या कंपन्यांत प्रतिनियुक्तीवर. ही सोय मुळात दोन वर्षांची होती. पुढे ती वाढवावी लागली.