पाणविंचवाचे श्वसनरंध्र आणि त्याला लागून असलेले दाबाचे ज्ञानेंद्रिय

हिप्परग्याच्या तलावाच्या काठाला, गाळ आणि पाणवनस्पती यांच्यात जाळी फिरवली की एखादा तरी पाणविंचू, म्हणजे पाण्यात राहणारा ढेकणांच्या गटातील कीटक, हाती लागतो. त्याच्या मागच्या टोकाची काडी नांगी समजून विद्यार्थी हात मागे घेतात. ती दोन पन्हळी जुळून झालेली श्वासनळी आहे आणि तिचे टोक पाण्याबाहेर काढून तो हवा घेतो, हे काचेच्या भांड्यात पाच मिनिटे पाहिले की समजते. त्याच्या पोटाखालच्या खुणांबाबतचा गोंधळ मात्र इतक्या सहज सुटत नाही. प्रौढ पाणविंचवाच्या पोटाच्या खालच्या अंगाला, दोन्ही कडांजवळ, लहान लंबगोल ठिपक्यांच्या तीन जोड्या असतात. प्रात्यक्षिकाच्या वह्यांत त्यांना सर्रास ‘श्वसनरंध्रे’ असे नाव दिलेले आढळते. या चुकीबद्दल विद्यार्थ्यांना दोष देणे योग्य नाही, कारण खरे श्वसनरंध्र तेथेच, त्या ठिपक्याला लागून असते आणि जुन्या कीटकशास्त्रज्ञांनीही या ठिपक्यांना ‘खोटी श्वसनरंध्रे’ म्हटले होते.

श्वसनरंध्राची रचना परिचयाची आहे. कडक कडा असलेले तोंड, आत लहानशी पोकळी आणि तिच्यापासून निघणारी श्वासनलिका. या नलिकेच्या भिंतीला आतून स्प्रिंगसारखी वळणे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती आडव्या रेषांसारखी दिसली की ही हवेची वाट आहे, याबद्दल शंका उरत नाही.

शेजारच्या ठिपक्यावर उच्च भिंग आणले की वेगळेच दृश्य दिसते. तेथे बारीक देठाचे आणि पसरट माथ्याचे, अळंबीच्या आकाराचे रोम, म्हणजे सूक्ष्म केस, दाटीने उभे असतात. त्यांचे माथे कडेला कड भिडवून जणू छप्पर तयार करतात आणि त्या छपराखाली हवेचा पातळ थर अडकून राहतो. याच थरात निराळे, नाजूक संवेदी रोम असतात. प्रत्येक संवेदी रोम आपल्या खोबणीत हलू शकतो आणि त्याच्या बुडाशी चेतापेशीचा तंतू येऊन पोहोचतो. छपराबाहेर पाणी आणि आत हवा असल्याने पाण्याचा दाब वाढला की छप्पर किंचित आत दबते, रोम कलतात आणि चेतापेशीला त्याची वर्दी मिळते.

हे इंद्रिय श्वसनरंध्राला चिकटून का असावे, याचे उत्तर मला या साऱ्या रचनेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एका बाजूची तिन्ही इंद्रिये श्वासनलिकांनी आतून जोडलेली असल्यामुळे त्यांच्यातील हवेचा दाब एकच राहतो, बाहेरच्या पाण्याचा दाब मात्र खोलीनुसार बदलतो. कीटकाचे डोके खाली झुकले की पुढचे छप्पर आत दबते आणि मागचे बाहेर फुगते. डोके वर झाले की याच्या उलट घडते. म्हणजे येथे मोजला जातो तो शरीराचा कल. दोन इंद्रियांच्या खोलीत अर्धा सेंटिमीटर फरक पडला, तर दाबातील फरक सुमारे 49 पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम दोन हजारावा भाग भरतो. गढूळ पाण्यात, जेथे उजेडावरून वरची बाजू ओळखता येत नाही, तेथे श्वासनळीचे टोक पृष्ठभागाकडे नेण्यासाठी ही जाणीव मोलाची ठरते. थॉर्प आणि क्रिस्प या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी 1947 साली पाण्यातील ढेकणांच्या दाबसंवेदी इंद्रियांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

वहीतील चुकीचे मूळ बऱ्याचदा स्लाइड तयार करण्याच्या पद्धतीत असते. नेहमीच्या रीतीप्रमाणे पोटाचा तुकडा कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) उकळला की मऊ ऊती विरघळून केवळ कायटिनचे कवच उरते. चेतापेशी नाहीशा होतात आणि दिसते ते एक भोक व त्याभोवतीचे केस. हवा गाळण्यासाठी रंध्राच्या तोंडाशी केस असतात, हे पाठ्यपुस्तकात वाचलेले असल्याने विद्यार्थी तेच नाव लिहून मोकळा होतो. म्हणून एक तुकडा पोटॅशचा आणि दुसरा, ताज्या कीटकाचा, चेतातंतूंना निळा रंग देणाऱ्या मेथिलिन ब्लूने रंगवलेला, असे दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात नलिकेची वळणे मोजावीत आणि दुसऱ्यात रोमाच्या बुडाशी येणारा निळा तंतू शोधावा.