विमानाच्या केबिनमधील तेलवाफा

विमानाच्या केबिनमधल्या हवेत इंजिन ऑइलच्या वाफा मिसळणे, ही वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या कामाशी जोडलेली आरोग्यसमस्या आहे. विमान क्षेत्रात अशा घटनेला ‘फ्यूम इव्हेंट’ म्हणतात. प्रवासी तासाभरात उतरून घरी जातो. क्रूला मात्र त्याच हवेत दिवसाला अनेक फेऱ्या आणि वर्षानुवर्षे नोकरी करायची असते. त्यामुळे हा प्रश्न आधी कामगारांचा आहे.

बहुतेक प्रवासी विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून, इंधन जळण्याआधीच्या टप्प्यावरून घेतात. तिला ‘ब्लीड एअर’ म्हणतात. त्याच इंजिनात शाफ्टच्या बेअरिंगना ऑइल लागते, आणि ते हवेच्या वाटेत येऊ नये म्हणून सील बसवलेले असतात. हे सील हवेच्या दाबावर काम करतात. इंजिन सुरू होताना किंवा त्याची ताकद झटकन कमी-जास्त करताना दाब बदलतो आणि थोडेफार ऑइल निसटते. सील झिजलेला असेल किंवा ऑइल प्रमाणाबाहेर भरले असेल, तर गळती वाढते. हेपा फिल्टरचा इथे उपयोग नाही. तो केबिनमध्ये पुन्हा फिरवलेल्या हवेतले सूक्ष्म कण अडवतो, वाफा नाही. आणि इंजिनाकडून येणारी ताजी हवा सहसा त्यातून जातच नाही. २०११ पासून सेवेत असलेल्या बोइंग ७८७ मध्ये केबिनची हवा वेगळ्या विद्युत कॉम्प्रेसरने घेतली जाते, म्हणजे दुसरी वाट शक्य आहे.

उदाहरण म्हणून कोल्हापूर घेऊ. इथला विमानतळ उजळाईवाडीत, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीला लागून आहे. इथे येणाऱ्या एटीआर-७२ विमानाला जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारे वेगळे छोटे इंजिन नसते. त्याऐवजी उजवे इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने थांबवून ठेवता येतो. याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. प्रवासी डाव्या बाजूच्या मागच्या दाराने चढत असतात आणि पलीकडे पंखा न फिरता इंजिन घोंघावत असते. तेव्हा वारा मागून असला, तर इंजिनाचा धूर आत खेचला जाऊन रॉकेलसारखा वास येऊ शकतो. ऑइलचा वास वेगळा, ओल्या कुबट मोज्यांसारखा. हा फरक क्रूला शिकवायलाच हवा, कारण पुढचा सगळा तपास त्यावरून सुरू होतो. छोट्या मार्गांवर दिवसभरात इंजिन अनेकदा चालू-बंद होते, म्हणून अशा मार्गांवरच्या क्रूकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

विमानाच्या इंजिन ऑइलमध्ये (जेट ऑइलमध्ये) झीज रोखण्यासाठी ट्रायक्रेसिल फॉस्फेट (टीसीपी) साधारण तीन टक्के असते. हा ऑर्गॅनोफॉस्फेट गटातला पदार्थ आहे. उसाच्या आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यातल्या डॉक्टरांना हा गट कीटकनाशकांच्या विषबाधेमुळे चांगला माहीत आहे. टीसीपीच्या ऑर्थो प्रकाराने पोटात गेल्यावर काय होते, हे १९५९ मध्ये मोरोक्कोत दिसले: भेसळीच्या खाद्यतेलाने सुमारे दहा हजार माणसांना पक्षाघात झाला. केबिनमधले प्रमाण त्याच्या तुलनेत नगण्य असते, हे खरे. पण तापलेल्या ऑइलच्या वाफांत टीसीपी एकटे नसते. कार्बन मोनॉक्साइड, अल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कणही असू शकतात.

डोळे चुरचुरणे, खोकला, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, विचारांत गोंधळ ही तात्काळ लक्षणे. काहींना थकवा, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या यांचा त्रास महिनोन्‌महिने राहतो. १९९९ मध्ये काही संशोधकांनी त्याला ‘एअरोटॉक्सिक सिंड्रोम’ म्हटले. हे निदान वैद्यकशास्त्रात सर्वमान्य नाही. ब्रिटनमध्ये क्रॅनफिल्ड विद्यापीठाने १०० उड्डाणांतली हवा तपासली, आणि ९५ टक्क्यांहून जास्त नमुन्यांत टीसीपी आढळले नाही. हा निष्कर्ष कंपन्या वारंवार पुढे करतात. मात्र त्या उड्डाणांत औपचारिक नोंद करण्याजोगी एकही घटना घडली नव्हती. रोजची हवा साधारण ठीक असते, इतकेच त्यातून कळते. गळतीच्या दिवशी काय होते, ते नाही. ऑस्ट्रेलियात १९९२ च्या एका उड्डाणात धूर श्वासात गेलेल्या केबिन क्रू सदस्येचा खोकला कायमचा राहिला, आणि तिचा भरपाईचा दावा २०१० मध्ये तिथल्या उच्चतम न्यायालयापर्यंत टिकला.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमुळे श्वासातून होणारे व्यावसायिक आजार कोल्हापूरला नवे नाहीत. पण सिलिकोसिस (वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) एक्स-रेवर दिसतो. तेलवाफांची तशी खूण मागे राहत नाही, आणि बहुतेक विमानांत त्या टिपणारा संवेदकही नसतो. कर्मचाऱ्याच्या हाती त्यामुळे फक्त नोंद उरते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ मध्ये अशा घटनांचे प्रशिक्षण आणि नोंदणी यांबाबत मार्गदर्शिका काढली. वास आला की वैमानिकांनी ऑक्सिजन मास्क लावून शंभर टक्के ऑक्सिजन घ्यायचा, क्रूने कॉकपिटला लगेच कळवायचे, आणि उतरल्यावर तांत्रिक नोंदवहीत वास, वेळ, उड्डाणाचा टप्पा आणि कोणाला काय झाले ते लिहायचे. कार्बन मोनॉक्साइडची रक्ततपासणी काही तासांतच करावी लागते. दुसऱ्या दिवशी ओपीडीत गेलेल्याचा रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतो.