उन्हाळी सुट्टीतलं ताट घरी पोचेपर्यंत

अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा देशव्यापी कायदा १९४६ साली झाला. सुट्टीत मुलांनी काय खायचं, हा प्रश्न सरकारने हाती घेईपर्यंत १९६८ उजाडलं, आणि तेव्हाही आधी फक्त प्रयोग झाला. उन्हाळी जेवणाची स्वतंत्र योजना आली १९७५ मध्ये. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांनी केंद्रावर यायचं, फुकट जेवायचं. पण जेवण तिथेच बसून संपवायचं, घरी न्यायचं नाही.

शहरात हे निभतं. खेड्यात केंद्र कित्येक मैलांवर, घरात एकच गाडी आणि ती आईवडिलांपैकी कोणीतरी सकाळीच कामावर नेलेली. एरवी शाळेची पिवळी बस मुलाला घराजवळून घेऊन जाते. सुट्टी लागली की बस बंद, म्हणून जेवणही बंद. ज्यांना सर्वांत गरज, तीच मुलं वर्षानुवर्षं बाहेर राहिली.

वृद्धांसाठी यावर तोड फार आधी निघाली होती. १९४३ साली, ऐन महायुद्धात, इंग्लंडमधल्या हेमेल हेम्पस्टेडला महिला स्वयंसेविका घरोघर जेवण पोचवू लागल्या. पुढे कितीतरी ठिकाणी जुन्या बाबागाड्यांतून जेवण जाई. ते गार होऊ नये म्हणून पेंढा, अगदी जुन्या फेल्टच्या टोप्यासुद्धा वापरत. १९५४ मध्ये फिलाडेल्फियात असं काम सुरू झालं आणि १९७८ मध्ये वृद्धांच्या घरपोच जेवणासाठी अमेरिकेच्या कायद्यात स्वतंत्र निधीची तरतूद झाली. थकलेल्या माणसाला घराबाहेर पडता येत नाही, हे सगळ्यांना पटलं. मुलाचे हातपाय धड असतात, त्यामुळे त्याच्या घरापासूनचं अंतर कुणी अडचणीत धरलंच नाही. या इतिहासात माझ्या मनाला सर्वांत जास्त हेच लागतं.

२०१९ मध्ये टेक्सासात बेलर विद्यापीठाच्या पुढाकाराने खेड्यांतल्या मुलांना टपालाने जेवणाची खोकी पाठवून पाहिली. पुढच्याच मार्चमध्ये कोविडमुळे शाळा बंद पडल्या आणि ‘इथेच बसून जेवा’ ही अट सरकारला शिथिल करावी लागली. अनेक गावांत बसचालक नेहमीच्याच मार्गाने निघाले. बाकांवर मुलांऐवजी दुधाची खोकी, सँडविच आणि सफरचंदं भरलेल्या पिशव्या. प्रत्येक थांब्यावर बस थांबायची, पिशव्या उतरायच्या, मुलं लांब उभी राहून हात हलवायची.

डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ग्रामीण भागापुरती ही सोय कायम झाली. पालकांची संमती घेऊन जेवण दारात देता येतं, आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा दिवसांचं. हे एकत्र देणं फार महत्त्वाचं आहे, कारण सरकारी पैसे मिळतात ते जेवणामागे. गाडी किती मैल गेली याचा वेगळा हिशेब नाही. रोज एकेका घरासाठी लांब फेरी मारणं छोट्या शाळेला परवडत नाही. शहरातल्या गाडी नसलेल्या घरांना मात्र ही सवलत अजूनही लागू नाही.