गाडी कधी घ्यावी, कधी घेऊ नये: उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याच्या आसपास

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. एप्रिलअखेर ते शाळा उघडेपर्यंत.)

नमस्कार.

वार्षिक परीक्षा संपली की आमचे फोन खणखणायला लागतात. "मुलं घर डोक्यावर घेतायत, रविवारी कुठेतरी न्यायचंय, गाडी आहे का?" कुठे जायचंय, असं विचारलं की हमखास उत्तर येतं, "तुम्हीच सांगा ना, फार खर्च नको." दरवर्षी तेच तेच फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून हे पत्रक छापलं.

आमच्याकडे चार गाड्या आहेत आणि त्यांच्या भाड्यावर आमचं घर चालतं. तरीही सुरुवात गाडी न घेता जायच्या ठिकाणांपासून केली आहे. पर्वतीला जायला सात-आसनी गाडी मागणारे लोक आम्हाला भेटले आहेत, आणि त्यांना ती देताना आम्हालाच संकोच वाटला आहे.

आधी वेळेचं

पुण्याचा उन्हाळा सकाळी साडेदहापर्यंत माणसांसारखा वागतो. त्यानंतर एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि पाच वर्षांचं मूल डोंगरावर काय, सावलीतही किरकिर करतं. म्हणून सहल अर्ध्या दिवसाची ठरवा. पहाटे पाच-साडेपाचला घर सोडायचं आणि जेवायला घरी परतायचं. दिवसभराची सहल महाग का पडते, ते आमच्या ड्रायव्हरकाकांना विचारा. दुपारी बारानंतर मुलांना तहान लागते, मोठ्यांना एसीचं हॉटेल लागतं, आणि जेवणाचं बिल गाडीच्या भाड्याच्या बरोबरीला येतं. सकाळी दशम्या, मेथीचे ठेपले, चिरलेली काकडी आणि ताकाची बाटली बरोबर असली तर खिशात हात घालायची वेळ फक्त रसवंतीवर येते.

उशिरा उठणाऱ्या घरांसाठी दुसरी वेळ संध्याकाळी पाचनंतरची. मधली वेळ छपराखालच्या जागांची, त्या खाली येतीलच.

जिथे आमची गाडी नको

सगळ्यात स्वस्त सहल मेट्रोची आहे, आणि मोठी माणसं तिला सहल मानतच नाहीत. मुलं मानतात. जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकात दोन मार्ग एकमेकांना छेदतात. खालचा फलाट जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर आहे, आणि सरकत्या जिन्यांवरून उतरता उतरता "अजून किती खाली?" हा प्रश्न संपत नाही. वरच्या मार्गावर डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्थानकांना मावळ्यांच्या पगडीचा आकार दिला आहे. मुलांना तो शोधायला सांगा. गार हवेत सगळं होतं, म्हणून ऐन दुपारी सुचवायला आमच्याकडे याहून चांगलं काही नाही.

दुपारीच जायचं दुसरं ठिकाण शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. शंभर वस्तू पाहायला मुलांना लावू नका. अडकित्ते, दिवे आणि कुलपं, एवढी तीनच दालनं नीट पाहा. अडकित्त्यांत मोर, घोडे, माणसं असे आकार आहेत, आणि हल्लीच्या मुलांना अडकित्ता म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं, त्यात बराच वेळ मजेत जातो. डॉ. दिनकर केळकरांनी हा सगळा पसारा आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभा केला, हेही जाताना सांगा. कोथरूडची मंडळी असतील तर त्यांना कर्वे रस्त्यावरचं छोट्या आगगाड्यांचं जोशी संग्रहालय जवळ पडेल. गाड्या, सिग्नल, बोगदे, दिवे, सगळं चालतं. तिथून मूल स्वतःहून बाहेर येत नाही, ओढून आणावं लागतं.

शनिवारवाडा सकाळी उघडल्या उघडल्या किंवा ऊन उतरल्यावर. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या जागांवर तिकीट नसतं. 1828 च्या आगीनंतर आत उरल्या आहेत त्या बहुतेक चौथऱ्यांच्या रांगा, त्यामुळे मुलं विचारतात, "वाडा कुठंय?" त्यापेक्षा दिल्ली दरवाज्यापाशीच जास्त थांबा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दारावर बसवलेले खिळे पाहून प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तिथून जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं फार लांब नाही. आठव्या शतकातलं, एकसंध कातळात खोदलेलं, समोर गोल छत्रीखाली नंदी. आत दगड गार लागतो.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. हे वाक्य ठळक समजा, कारण दर उन्हाळ्यात कुणीतरी बुधवारीच जातं. आवार सुमारे 130 एकरांचं आहे, चालणं बरंच होतं, आणि दुपारी वाघ तुमच्यापेक्षा शहाणपणाने सावलीत झोपलेला असतो. सकाळचीच वेळ धरा. बसने जाणार असाल तर पीएमपीचा दैनंदिन पास काढा, दोन-तीन बस बदलल्या तरी हिशेब जमतो.

पर्वतीच्या 103 पायऱ्या, तळजाई, वेताळ टेकडी, हे तर तुमच्या पायाखालचं. फक्त एकदा मुलांना अंधार फिटता फिटता न्या. तळजाईवर त्या वेळी मोर ओरडत असतात. एम्प्रेस गार्डनमध्ये जुन्या अजस्र वेली आहेत, त्यांच्याखाली सतरंजी टाकून बसावं, एवढाच तिथला कार्यक्रम.

आता आमची सगळ्यांत आवडती सहल, जिच्यात आम्हाला एक पैसा मिळत नाही: लोणावळा लोकलने मळवली.

पहाटेची लोकल पकडा. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बाराच्या आतल्यांना अर्धं. शिवाजीनगर, खडकी, पिंपरी, तळेगाव, कामशेत अशी स्टेशनं मुलांना वाचत जाऊ द्या. मळवलीला उतरलं की द्रुतगती मार्गावरच्या पादचारी पुलावरून पलीकडे जायचं. खालून सुसाट जाणाऱ्या गाड्या बघत मुलं त्या पुलावर पाच-दहा मिनिटं खातात, ती धरूनच चला. मग भाजे गाव आणि वर पायऱ्या.

भाजे लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळभर तिथे डोंगराचीच सावली असते. ऐन मे महिन्यात आम्ही भाजे सुचवतो ते यासाठी, आणि कार्ल्याऐवजी सुचवतो ते तिथे एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते म्हणून. लेणी बावीस आहेत आणि दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्यगृहात मुलांना खांब मोजायला सांगा, सत्तावीस भरले पाहिजेत. खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत, ते कुणाच्या लक्षात येतं ते बघा. छताला लाकडी कमानी आहेत, त्याही त्या काळच्या. बाजूला स्तूपांचा एक पुंजका आहे, एकूण चौदा, काही कातळाच्या आत आणि काही बाहेर. मोजताना दर वेळी कुणीतरी तेरा म्हणतं आणि भांडण लागतं.

वर लोहगड दिसतो. तो 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे "आलोच आहोत तर" असं वाटतं. लहान मुलं बरोबर असतील तर जाऊ नका. लोहगडाला वेगळी सकाळ द्या, आणि ती शक्यतो पावसानंतरची. परतीची लोकल आधी पाहून ठेवा. दुपारी गाड्या विरळ असतात आणि एक हुकली की फलाटावर बराच वेळ काढावा लागतो.

सिंहगडालाही गाडी हवीच असं नाही. स्वारगेटहून 50 नंबरची बस पायथ्याला जाते. मोठी मुलं पायवाटेने चढतील, लहानग्यांसाठी वर जाणाऱ्या जीपगाड्या मिळतात. देवटाक्याचं गार पाणी, मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, आणि मेमध्ये पानांच्या द्रोणात करवंदं. रविवारी मात्र खडकवासल्याच्या रस्त्यावर संध्याकाळी जी रांग लागते, तिच्यात बस काय आणि आमची गाडी काय, सारखीच अडकते. शनिवारीही नको. आठवड्यातला मधला वार बघा, सुट्टी मुलांना रोजच आहे.

जिथे दोन घरांनी मिळून गाडी घ्यावी

बस नीट जात नाही किंवा पहाटे पोहोचणं भाग आहे, अशाच ठिकाणी गाडीचे पैसे वसूल होतात.

पहिलं नाव सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. बारामती तालुक्यात, पुण्यापासून सत्तरेक किलोमीटर. राज्यातल्या सगळ्यांत छोट्या अभयारण्यांपैकी एक, जेमतेम पाच चौरस किलोमीटर. जंगल म्हणताच मुलांच्या डोळ्यांसमोर गर्द झाडी येते आणि इथे तर सगळं गवताळ माळरान, तेही उन्हाने पिवळं पडलेलं. हे आधीच सांगा, नाहीतर फाटकावरच तोंडं पडतात. पण हेच माळरान चिंकाऱ्याचं घर आहे, आणि गवत वाळून बसल्यामुळे उन्हाळ्यात तो लांबूनही दिसतो. पाणवठ्यापाशी गाडीतच गप्प बसायचं. चिंकाऱ्याच्या मादीलाही शिंगं असतात, नरापेक्षा लहान, तेव्हा शिंगं दिसली की नर असा घाईचा निकाल देऊ नका. नशीब असेल तर खोकड दिसतं. चंडोल मात्र भरपूर. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर आमच्या गाडीत एक जुनी आहे, ती मागून घ्या. डाव्या भिंगाला चरा आहे.

फाटकावर वनखात्याचं शुल्क भरावं लागतं, ते भाड्यात नाही. पुण्यातून पाचला निघालं तर सातच्या आत पोहोचता, नऊला काम संपतं. येताना मोरगाव वाटेतच. तिथे गणपतीसमोर नंदी बसलेला आहे, तो का, हे मुलांनी आजीला विचारावं.

दुसरं, सोलापूर रस्त्यावर यवतजवळचं भुलेश्वर. बाहेरून गढीसारखं दिसणारं हे मंदिर आत काळोखं आणि थंडगार आहे. कोरीवकामात स्त्रीरूपातला गणपती आहे. तो सापडेपर्यंत मुलं कुरकुर करत नाहीत.

तिसरं, सातारा रस्त्यावर नसरापूरचं बनेश्वर. धबधबा उन्हाळ्यात आटलेला असतो, त्याचे फोटो पाहून जाऊ नका. जायचं ते झाडीसाठी. आजी-आजोबा बरोबर असतील तर आम्ही हेच सुचवतो, कारण चढ नाही. खेड-शिवापूरचा टोल लागतो.

भाडं कसं मोजतो

यावरून दरवर्षी गैरसमज होतात, म्हणून सविस्तर.

शहर आणि जवळपाससाठी "8 तास, 80 किलोमीटर" असा दर असतो. दोन्हींपैकी जे ओलांडाल त्याचे जादा पैसे. बाहेरगावच्या दरात दिवसाला किमान 300 किलोमीटर धरतात, तुम्ही तेवढे फिरा अगर न फिरा. आता मयूरेश्वरचं जाऊन-येऊन अंतर दीडशेच्या आसपास. बाहेरगावचा दर लावला तर न फिरलेल्या दीडशे किलोमीटरचे पैसे जातात. म्हणून अशा अर्ध्या दिवसाच्या सहलींना आम्ही 8 तासांचाच दर लावतो आणि वरचे सत्तरेक किलोमीटर जादा धरतो. दुसरीकडे चौकशी करतानाही हा प्रश्न जरूर विचारा.

किलोमीटर आमच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजले जातात, तुमच्या दारापासून नाही. निघताना काकांकडून मीटरचा आकडा लिहून घ्या, किंवा मोबाईलवर फोटो काढा. टोल, पार्किंग, प्रवेश शुल्क वेगळं. पहाटे पाचच्या आधी निघालात तर ड्रायव्हरचा रात्रभत्ता लागतो, म्हणून पावणेपाचऐवजी पाच म्हणा.

आमच्या सगळ्या गाड्यांना पिवळी पाटी आहे. पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी स्वस्त मिळते हे आम्हाला माहीत आहे. अपघात झाला तर भाड्याने नेलेल्या खाजगी गाडीला विमा कंपनी काय उत्तर देते, ते एकदा एखाद्या विमा एजंटला विचारून पाहा. सात-आसनी गाडीत ड्रायव्हर सोडून सहा जण. मांडीवरचं मूल आम्ही मोजतो. यावर घासाघीस नको.

गाडीत मुलं असताना

घाटात उलटी होते ती बहुधा सगळ्यांत मागच्या सीटवर बसलेल्याला, आणि मोबाईल बघत असेल तर नक्की. मधल्या सीटवर बसवा, बाहेर बघू द्या, आवळासुपारी किंवा आलेपाक जवळ ठेवा. निघण्याआधी ग्लासभर दूध पाजू नका. हे सीट धुणाऱ्या माणसाचं कळकळीचं सांगणं आहे.

उन्हात उभ्या गाडीत मूल झोपलंय म्हणून एकटं ठेवू नका, काचा थोड्या उघड्या असल्या तरी नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. काका मूल एकटं ठेवून गाडी लॉक करणार नाहीत, तसं त्यांना बजावलेलं आहे.

आणि पाणी. खडकवासला, पानशेत, कुठल्याही धरणाच्या काठावर "फक्त पाय भिजवतो" म्हणून कुणी उतरू नये. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठाला गाळ उघडा पडतो, वरून टणक दिसतो आणि पाय ठेवला की आत ओढतो. दर सुट्टीत बातमी येते. पाण्यात खेळायचंच असेल तर जवळच्या तलावावर पोहण्याचा महिना लावा.

नोंदणी

निदान दोन दिवस आधी कळवा. मेमध्ये लग्नाच्या तिथी असतात, त्या दिवशी चारही गाड्या वऱ्हाडात असतात आणि त्यांच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा असतात. शनिवारी रात्री अकराला फोन करून "उद्या पहाटे" म्हणणाऱ्यांना आम्ही मळवलीची लोकल सुचवतो.