मिडियम वेव्ह रेडिओवर चालणारा घरगुती मेटल डिटेक्टर : किट जोडण्याआधी वाचा

गवतात पडलेली अंगठी, मातीखाली गाडला गेलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, करवतीखाली जाणाऱ्या जुन्या वाशातला खिळा, कडबाकुट्टीत आलेला तारेचा तुकडा. अशा कामांसाठी हा किट आहे. यात ट्रान्झिस्टर एकच. उरलेलं अर्धं काम तुमच्या घरातला मिडियम वेव्हचा खिशातला रेडिओ करतो. सर्किट तासाभरात जोडून होतं. वेळ द्यायचा तो कॉइलला. का, ते आधी समजून घ्या.

काम कसं चालतं

तांब्याच्या तारेची कॉइल आणि कंडेन्सर मिळून साधारण १०० किलोहर्ट्झची लहर तयार करतात. तिच्या पटीतल्या लहरीही सोबत निघतात : २००, ३०० अशा वरपर्यंत. यातली सहावी किंवा आठवी पट आकाशवाणीच्या एखाद्या स्टेशनच्या अगदी शेजारी आणून ठेवली, की दोघींमधला फरक रेडिओत शिट्टी होऊन ऐकू येतो. कॉइलजवळ धातू आला की लहर किंचित सरकते आणि शिट्टीचा सूर बदलतो. स्टेशनची लहर क्रिस्टलवर बांधलेली असल्याने ती जागची हलत नाही. दोन ऑसिलेटर (लहर तयार करणारी सर्किटं) असलेल्या डिटेक्टरमध्ये दोन्ही एकमेकांना ओढतात आणि शिट्टी नेमकी खालच्या सुरावर बंद पडते. इथे ती अडचणच येत नाही.

आता ‘किंचित’ म्हणजे किती? २३ मिलिमीटरचं पितळी रंगाचं ५ रुपयांचं नाणं २० सेंटिमीटरच्या कॉइलखाली मधोमध ५ सेंटिमीटरवर धरलं, तर मूळ लहर हिशेबाने सुमारे ६ हर्ट्झ सरकते. सहाव्या पटीवर ते ३५ हर्ट्झ होतात. शिट्टी २०० हर्ट्झवर ठेवली असेल तर हा फरक कानाला स्पष्ट कळतो. नाणं १० सेंटिमीटरवर नेलं की ९ हर्ट्झसुद्धा जेमतेम उरतात. उलट बाजूने पाहा : तापमानाने अंशाला दहा लाखांत २०० भाग बदलणारे कंडेन्सर बसवले, तर एका अंशाच्या फरकानेच सहाव्या पटीवर ६० हर्ट्झ सरकतात. म्हणजे ढगाआडून ऊन आलं तरी नाणं सापडल्यासारखा आवाज येईल. म्हणून किटमध्ये आम्ही एनपीझिरो जातीचेच, म्हणजे तापमानाने जवळपास न बदलणारे कंडेन्सर देतो. ते बदलून डबीतले साधे डिस्क लावू नका. अंकी किंमत तीच असली तरी माल वेगळा आहे.

किटमधलं सामान

बीसी ५४७ ट्रान्झिस्टर १, ७८एल०५ रेग्युलेटर १, १०० किलोओहमचे रेझिस्टन्स २ (तपकिरी-काळा-पिवळा), २.२ किलोओहमचा १ (लाल-लाल-लाल), १० नॅनोफॅरडचे एनपीझिरो कंडेन्सर २ (वर १०३ लिहिलेलं), १०० नॅनोफॅरडचे २ (१०४), १०० मायक्रोफॅरडचा १, जुळणीसाठी २२०, ४७०, ६८० आणि १००० पिकोफॅरडचे एनपीझिरो प्रत्येकी १, तसेच २२ पिकोफॅरडचा १. गँग कंडेन्सर (दांडा फिरवून किंमत बदलता येणारे) २, ३० गेज इनॅमलची तार ५० ग्रॅम, शील्डेड माइक वायर अर्धा मीटर, ९ व्होल्ट बॅटरीची क्लिप, छिद्रांचा बोर्ड आणि प्लॅस्टिकची डबी.

तुम्ही आणायचं : काटा फिरवून स्टेशन लावायचा रेडिओ, पाऊण किंवा एक इंची पीव्हीसी पाइप सव्वा मीटर, प्लायवूडची २२ सेंटिमीटर व्यासाची चकती, स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल, अॅराल्डाइट, इन्सुलेशन टेप, ९ व्होल्टची बॅटरी.

कॉइल

२० सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे घेर ६३ सेंटिमीटरच्या आसपास असलेला डबा घ्या. त्यावर आधी कागदाची पट्टी गुंडाळा, नाहीतर कॉइल निघता निघत नाही. मग तार घट्ट पण न ताणता ३० वेढे द्या. साधारण १९ मीटर तार लागते. वेढे एकाशेजारी एक नीट बसायची गरज नाही. जुडी मात्र ३ मिलिमीटरच्या आत राहू द्या. कॉइल उतरवण्याआधी चार-पाच ठिकाणी दोऱ्याने बांधा, उतरवल्यावर सगळीकडून टेप गुंडाळा. सैल राहिलेला एकच वेढा चालताना थरथरला तरी शिट्टी डोलू लागते. घाईने केलेल्या कॉइलचा हा दोष नंतर कशानेही जात नाही.

दोन्ही टोकांचं इनॅमल ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने तांबं लख्ख दिसेपर्यंत खरवडा आणि मल्टिमीटरने मोजा. सुमारे ४ ओहम यायला हवेत.

आता शील्ड. टेपवरून फॉइलची पट्टी कॉइलभर गुंडाळा, पण एका जागी १ सेंटिमीटरची फट सोडाच. तारेची टोकं त्याच फटीतून बाहेर काढा. फॉइलची दोन टोकं एकमेकांना टेकली तर शील्ड म्हणजे शॉर्ट झालेला एक वेढा होतो. मग ऑसिलेटर एकतर बंद पडतो किंवा भलत्याच फ्रिक्वेन्सीवर जातो. अॅल्युमिनियमवर सोल्डर बसत नाही. त्यामुळे फॉइलवर एक उघडी तार सलग गुंडाळून, तीही फट न ओलांडता, तिचं टोक अर्थला (सर्किटमध्ये बॅटरीचं वजा टोक जिथे येतं तिथे) जोडा. वर पुन्हा टेप. शील्ड नसेल तर ओल्या गवताला कॉइल लागताच सूर बदलतो आणि तुम्ही पावसाळाभर गवतच शोधत बसाल.

कॉइल प्लायवूडच्या चकतीवर अॅराल्डाइटने पक्की करा. स्क्रू, खिळे, लोखंडी क्लॅम्प इथे चालत नाहीत.

सर्किट

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. ७८एल०५ तसाच धरला तर डावीकडून आउटपुट, अर्थ, इनपुट. हा उलटा बसवण्याची चूक सर्वांत जास्त होते, सोल्डर करण्याआधी पुन्हा बघा.

बॅटरीचं अधिक टोक रेग्युलेटरच्या इनपुटला. आउटपुट आणि अर्थ यांच्यामध्ये १०० मायक्रोफॅरड आणि एक १०४. कलेक्टर थेट ५ व्होल्टला. बेसपासून एक १०० किलोओहम ५ व्होल्टला, दुसरा अर्थला. एमिटरपासून २.२ किलोओहम अर्थला. कॉइलचं एक टोक अर्थला. दुसऱ्या, म्हणजे ‘गरम’ टोकापासून दुसरा १०४ बेसला आणि एक १०३ एमिटरला. उरलेला १०३ एमिटर ते अर्थ.

पहिल्या गँगचे दोन्ही भाग एकत्र जोडून कॉइलच्या गरम टोकापासून अर्थपर्यंत लावा. ही मोठी जुळणी. दुसऱ्या गँगचा एकच भाग वापरा, तोही त्याच गरम टोकाला २२ पिकोफॅरडमधून. ही बारीक जुळणी. तिच्या पूर्ण फेरीत शिट्टी हजारेक हर्ट्झच सरकते, त्यामुळे बोटांनी सूर नेमका लावता येतो. दोन्ही गँगचा दांडा अर्थच्या बाजूला हवा, नाहीतर हात लावताच सूर पळतो.

कॉइल न जोडता तपासा : बेसवर सुमारे २.३ व्होल्ट, एमिटरवर १.७ व्होल्ट. एवढं जमलं तर सर्किट बरोबर आहे. डबी कॉइलपासून ३० सेंटिमीटर वर पाइपला बांधा आणि कॉइलपासून डबीपर्यंत येणारी माइक वायर पाइपला टेपने चिकटवून टाका. ती लोंबकळती राहिली तर तिची कपॅसिटी दर पावलाला बदलते. रेडिओ मुठीजवळ, कॉइलपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर.

स्टेशनशी जुळवणं

हे काम दिवसा करा. अंधार पडला की मिडियम वेव्हवर दूरची स्टेशनं येतात आणि शिट्ट्यांची गर्दी होते.

तुमच्याकडे दिवसा कोणतं स्टेशन स्थिर येतं ते आधी ऐकून ठेवा. मुंबईचं ५५८, नागपूरचं ५८५, पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ. ५८५ साठी सहावी पट (९७.५), ७९२ साठी आठवी (९९). या दोन्ही जागा मोठ्या गँगच्या फिरण्यात येतात. ५५८ ची सहावी पट ९३ वर पडते, तिच्यासाठी गँगला समांतर ४७० पिकोफॅरड जोडा. हाताने केलेली कॉइल थोडी कमीजास्त असतेच. जागा सापडली नाही तर जुळणीचे बाकीचे कंडेन्सर आलटूनपालटून लावून पाहा. एक वेढा कमी केला की मूळ लहर सुमारे साडेतीन टक्के वर जाते.

सर्किट चालू करून रेडिओचा काटा सावकाश फिरवा. स्टेशन नसलेल्या जागी खरखर एकदम दबते, तिथे तुमची एक पट आहे. अशा जागा साधारण शंभर शंभर किलोहर्ट्झवर सापडतील. आता काटा स्टेशनवर ठेवा आणि मोठी गँग शिट्टी येईपर्यंत फिरवा. ती आपलीच आहे का, हे कॉइलखाली थाळी धरून बघा. सूर हलला तर आपली, नाहीतर शेजारच्या एलईडी दिव्याची किंवा चार्जरची.

स्टेशनचा कार्यक्रम शिट्टीसोबत ऐकू येणारच. फार जोरात असेल तर रेडिओ आडवा फिरवा. आतल्या फेराइट कांडीची दिशा बदलली की स्टेशन दबतं. रेडिओला इयरफोनची सोय असेल तर जरूर वापरा, छोट्या स्पीकरला २०० हर्ट्झचा सूर झेपत नाही.

शेवटी अॅल्युमिनियमची थाळी जवळ आणा. सूर चढला पाहिजे. उतरत असेल तर तुम्ही स्टेशनच्या खालच्या बाजूला आहात. बारीक गँगने शून्यातून, म्हणजे शिट्टी उतरत बंद पडते त्या जागेतून, पलीकडे जाऊन शिट्टी पुन्हा २०० ते ३०० हर्ट्झवर आणा. या बाजूने तांबं, पितळ, चांदी, अॅल्युमिनियम सूर चढवतात आणि लोखंडाचा खिळा बहुधा उतरवतो. ‘बहुधा’ लक्षात ठेवा : पत्र्याचं चपटं झाकण लोखंडाचं असूनही सूर चढवू शकतं.

जमिनीवर

चालू केल्यावर दहा मिनिटं थांबा, मग सूर लावा. डबी आणि कॉइल उन्हात तापू देऊ नका. कॉइल जमिनीपासून ३ ते ४ सेंटिमीटर, एकाच उंचीवर फिरवा. आपल्याकडच्या बेसाल्टपासून झालेल्या मातीत मॅग्नेटाइट असतं आणि कोकणच्या जांभ्यात लोहाची संयुगं. उंची बदलली की जमीन स्वतःच सूर बदलते. ठिणगी पडावी तसा क्षणिक बदल म्हणजे लहान वस्तू. दोन पावलं टिकणारा हळू बदल जमिनीचा.

नाणं ७-८ सेंटिमीटर, थाळी २०-२५ सेंटिमीटर, एवढीच अपेक्षा ठेवा. कॉइल ३० सेंटिमीटरची केली तर मोठ्या वस्तू थोड्या खोलवर कळतात, पण नाणी हातची जातात. वाढत्या अंतराबरोबर संकेत इतक्या झपाट्याने घटतो, की या पद्धतीने दोन मीटर खोल कुणालाच काही दिसत नाही. तसं सांगणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका.

भिंतीतली चालू वायर कुठे नाही, हे ठरवायला हा डिटेक्टर वापरू नका. जिथून विजेची केबल जाते तिथे त्याच्या भरवशावर खणूही नका. किल्ले, लेणी आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात खणणं १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने बंद आहे, तिथे हा नेऊच नका. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी घ्या. जमिनीत पुरलेलं, १० रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ही मर्यादा आजही १० रुपयेच आहे.

बिघाड

शिट्टी कुठेच नाही : कॉइलचे ओहम मोजा. आकडाच येत नसेल तर इनॅमल नीट खरवडलेलं नाही. ४ ओहम असूनही नाही, तर फॉइलची फट तपासा. शिट्टी एकाच दिशेने सतत सरकते : कंडेन्सर बदललेत का बघा, नसतील तर बॅटरी मोजा. ती ७ व्होल्टखाली गेली की रेग्युलेटरला ५ व्होल्ट धरून ठेवता येत नाहीत. हात लावला की सूर हलतो : शील्डची तार किंवा गँगचा दांडा अर्थला लागलेला नाही. पाऊल टाकताना डोलतो : कॉइल सैल आहे किंवा माइक वायर सुटली आहे.

एवढं करूनही जमलं नाही तर बोर्ड कॉइलसह दुकानात आणा. नुसता बोर्ड पाहून कॉइलचा दोष कळत नाही.