न गळणाऱ्या नळीतून वास कसा येतो?

दिवाळीला भाचा गोव्याहून सांगलीला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत वीतभर लांबीचा, पांढऱ्या प्लास्टिक नळीचा एक तुकडा होता. तो तिकडं शिडाच्या बोटींच्या देखभालीचं काम करतो. संडासापासून मैल्याच्या टाकीपर्यंत जाणारी ही नळी, आतून दीड इंची. बोटीच्या केबिनमध्ये सतत वास येत होता. यानं सगळे जोड तपासले, क्लिपा आवळल्या, कोरडा कागद फिरवून पाहिला. कुठं थेंब नाही. "मामा, गळत नाही तर वास कुठनं येतोय?" माझा धंदा ठिबकच्या सामानाचा आणि शिक्षण रसायनशास्त्राचं, म्हणून तुकडा माझ्यापर्यंत आला.

तीन प्लास्टिक पिशव्या, प्रत्येकीला गाठ. तरी संध्याकाळपर्यंत सोप्यात वास पसरला. आई म्हणाली, "हिंग प्लास्टिकच्या डब्यात ठेवला की सगळ्या फडताळाला हिंगाचा वास लागतो. काचेत घाल की ते." लोणच्याची एक जुनी बरणी रिकामी होती. तुकडा तिच्यात टाकून झाकण घट्ट लावलं आणि थोड्या वेळात वास थांबला.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या बरणीत होतं. प्लास्टिक आपल्याला सलग दिसतं, पण रेणूंच्या मापानं पाहिलं तर तो लांबच लांब साखळ्यांचा गुंता आहे. बोअरच्या कडक पीव्हीसी पाइपात या साखळ्या घट्ट बसलेल्या असतात. तेच पीव्हीसी वाकावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळतात. त्यामुळं साखळ्या सैल होतात, नळी मऊ होते आणि त्याच सैलपणातून वासाचे बारके रेणू वाट काढतात. पाण्याचा थेंब जात नाही, पण वायू आतल्या बाजूनं प्लास्टिकमध्ये विरघळतो, हळूहळू सरकतो आणि बाहेरच्या बाजूनं सुटतो. म्हणून क्लिपा कितीही आवळल्या तरी उपयोग नव्हता. वास जोडातून येत नव्हता, नळीच्या अंगातून येत होता.

याची खात्री करायची रीत सोपी आहे. स्वच्छ फडकं कढत पाण्यात पिळून नळीवर गुंडाळायचं, गार होऊ द्यायचं आणि मग हुंगायचं. फडक्याला वास लागला तर नळी मुरली. मग बाहेरून कितीही घासा, बदलावीच लागते.

आता हा वास इतका उग्र का? समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं. बहुतेक बोटींवर संडासात समुद्राचंच पाणी ओढतात. नळी जिथं झोळ खाते तिथं मैला साचून राहतो, ऑक्सिजन संपतो आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्यापासून तयार होतो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वायू. हवेच्या अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी आपलं नाक ते पकडतं. गोड्या पाण्यानं फ्लश केलं तर वास बराच कमी होतो, कारण त्यात सल्फेट फार थोडं असतं.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. हाच वायू गटारात आणि मैल्याच्या बंद टाक्यांत माणसं मारतो. दहा लाखांत शंभर भागांच्या पुढं गेला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि आत उतरलेल्याला वाटतं की हवा बरी आहे. वास नाही म्हणून टाकीत कुणालाही उतरवू नका.

तुकड्याचं कापलेलं तोंड उजेडात धरलं तर आत पिवळट पांढरा थर. दीड इंचातला जेमतेम अंगठा जाईल एवढाच मार्ग उरला होता. आमच्या भागातल्या द्राक्षवाल्यांना हे नवं नाही, क्षाराच्या पाण्यानं ठिबकची नळी अशीच आतून भरत जाते. बोटीत लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम कार्बोनेट-फॉस्फेट होऊन नळीला चिकटतं. ठिबकला आपण आम्ल सोडतो, बोटवाले अधूनमधून व्हिनेगर सोडतात. मात्र इतका जाड थर बसल्यावर नवी नळी टाकणंच बरं.

काम सुरू करण्याआधी बोटीच्या तळाचे व्हॉल्व्ह बंद करायचे. बोटीतला संडास बऱ्याचदा बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या खाली असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घरात पाणी दारातून यायच्या आधी संडासाच्या भांड्यातून वर आलं. बाहेरची पातळी चढली की पाणी पाइपातून आत शिरतं, घर असो की बोट. म्हणून बोटीत नळी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेऊन कमानीसारखी वळवतात आणि कमानीच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवतात. पिंपातून नळीनं डिझेल काढताना एकदा ओढलं की ते आपोआप वाहत राहतं. नळीत वरून हवा शिरली की ती धार तुटते. कमानीवरचा व्हॉल्व्ह तेच करतो. तो नसला किंवा क्षारानं चिकटला, तर एकदा सुरू झालेली धार बोट बुडवू शकते.

जुनी नळी हिसडून काढू नये, जोड मोडतो. पात्यानं लांबीत चीर द्यायची, मग ती सोलून निघते. सुटलेल्या दोन्ही तोंडांना लगेच बोळा लावायचा. नव्या नळीचं टोक कढत पाण्यात बुडवून मऊ करायचं, भांड्याच्या साबणाचं पाणी लावायचं आणि फिरवत पूर्ण आत चढवायचं. प्रत्येक जोडाला स्टेनलेसच्या दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. लांब सरळ टप्प्यात कडक पाइप घालून फक्त टोकांना मऊ नळी ठेवली तर वास मुरायला जागाच कमी राहते. आणि कुठंही झोळ नको. माझ्या मते महागड्या नळीपेक्षा नीट उतार जास्त कामाचा.

भाच्यानं परत गेल्यावर दोन दिवस लावून काम पुरं केलं. नंतर महिन्याभरानं त्याला पुन्हा ऊन फडकं गुंडाळायला सांगितलं. फोनवर तो म्हणाला, "मामा, नुसता साबणाचा वास येतोय."