सोलुबिलिटी पॉझिटिव्ह आली म्हणजे सिकलसेल झाला असं नाही

मागच्या आठवड्यात आमच्या गावच्या शाळेत सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, तपासणी शिबिर होतं, गडचिरोलीकडं हे नेहमीचंच. नववीतल्या एका पोरीची सोलुबिलिटी, म्हणजे पहिली झटपट टेस्ट, पॉझिटिव्ह आली, शेजारीण म्हणाली पोरीला सिकलसेल झाला, आणि आईनं रात्री चूलच पेटवली नाही. पण एक टेस्ट बाकी होती ना! आणि हा आजार मधेच 'होत' नाही, तो जन्मापासूनच असतो नाहीतर नसतो.

रक्तात निम्म्याहून जास्त पिवळसर प्लाझ्मा, बाकी पेशी, हे शाळेत झालंय. लाल पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. त्याच्या बीटा साखळीत १४६ मणी, म्हणजे अमिनो आम्लं. सिकलसेलमध्ये सहावा मणी बदललेला, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस, एवढंच!

ग्लुटामिकवर ऋण भार असतो, त्याचं पाण्याशी जमतं. व्हॅलिन तेलकट, पाण्यापासून पळणारं. ऑक्सिजन धरलेला आहे तोवर सगळं ठीक, पण तो सोडला की हिमोग्लोबिनचा आकार जरासा बदलतो, एक खाच उघडी पडते आणि शेजारच्या रेणूचं व्हॅलिन नेमकं तिच्यात जाऊन बसतं, त्याला तिसरा, मग चौथा, असे पेशीच्या आत दोर वळले जातात आणि गोल पेशी ताणून विळ्यासारखी होते. ती बारीक रक्तनळ्यांत अडकते, हाडं ठणकतात. पेशीतलं पाणी कमी झालं की दोर लवकर वळतात, म्हणून तेंदूपत्त्याच्या उन्हात पाणी कमी प्यायलं की दुखणं उमळतं, आणि रोवणीत गार चिखलात दिवसभर उभं राहिलं तरी उमळतं. यात कोणाची करणी नाही, चटके देऊन किंवा उतारा टाकून तो मणी बदलत नाही, आणि 'मुळापासून बरा' म्हणून विकतात त्या पुडीनंही नाही.

सोलुबिलिटीत हेच दोर काचेच्या नळीत होतात. बोटातून थेंबभर रक्त, नळीतलं औषध पेशी फोडतं आणि ऑक्सिजन काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन विरघळलेलंच राहतं, मागं धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात. सिकलचं असलं की पाणी गढूळ, रेघा गायब. पण आईबापांपैकी एकाकडूनच तो दोष आला असेल तरी पाणी गढूळच होतं, तो फक्त वाहक, त्याला सहसा काहीच त्रास नसतो.

म्हणून वाहक की आजार हे ठरवायला दुसरी टेस्ट, इलेक्ट्रोफोरेसिस. दंडाला रबरी पट्टी बांधून कोपराच्या शिरेतून दोन मिली रक्त काढतात (मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर असतं, तेवढ्यानं अशक्तपणा येत नाही), जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, त्यातलं ईडीटीए नावाचं रसायन रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. मग त्यातल्या हिमोग्लोबिनमधून वीज सोडतात. सिकलच्या हिमोग्लोबिनवर ऋण भार कमी, तोच सहावा मणी, म्हणून ते धन टोकाकडं हळू सरकतं. १९४९ मध्ये अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं होतं. वाहकाच्या दोन पट्ट्या उमटतात, साधी आणि सिकलची. आजारात साधी नसतेच.

त्या पोरीचा रिपोर्ट काल आला, दोन पट्ट्या, म्हणजे ती फक्त वाहक. पुढं लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याचीही टेस्ट करायची, कारण दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. धाकट्या भावाचं आणि आईबापाचं रक्त अजून तपासायचंय, सोमवारी उपकेंद्रावर येतो म्हणालेत.